घाटात न थांबलेली गाडी

सरोजक्कांच्या हातात कुठलाही मजकूर दिला, की त्या आधी पर्समधून बोटभर उरलेली पेन्सिल काढायच्या. मग एकेका वाक्यासमोर, समासात, एक अक्षर लिहायच्या. काही वाक्यांसमोर 'ब', काहींसमोर 'ऐ'. 'ब' म्हणजे बघितलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं. पानभर मजकुरात 'ऐ' जास्त झाले की पान परत. चांगलं-वाईट काही बोलायच्या नाहीत. फक्त पान टेबलावरून माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "सुम्मने लिहिलीस गं." सुम्मने म्हणजे उगाच, काही कारण नसताना. जाहिरातीच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या बाईनं असं म्हणावं, याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. जाहिरात म्हणजेच सुम्मने, अशी माझी पुण्याहून आणलेली समजूत होती.

इंदिरानगरमधल्या आमच्या एजन्सीत मी रुजू झाले तेव्हा मला बेंगळुरूत येऊन जेमतेम महिना झाला होता. पहिल्या दिवशी फोनवर आईशी बोलताना मी म्हणाले, "इथली एक म्हातारी बॉस आहे, फार खडूस दिसते." मागून आवाज आला, "म्हातारी आहे हो, खडूस अजून बघायची आहेस." मी वळून पाहिलं. कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात कॉफीचा स्टीलचा पेला. त्या म्हणाल्या, "आमची माणसं साडेतीनशे वर्षांमागं इकडं आलीत. मराठी विसरलो नाही अजून. तुझ्यासारखी चुरुचुरु येत नाही, तेवढंच." मग स्वतःच हसल्या. सरोजा राव हे त्यांचं नाव. ऑफिसात मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना सरोजक्का म्हणत.

त्यांचं मराठी मला आधी विचित्र वाटायचं आणि नंतर मी त्याची वाट बघायला लागले. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये एखादा कन्नड शब्द बसायचा आणि शेवटी 'की' यायचा. "बस की", "खा की", "स्वल्प थांब की". घाईत असल्या की नुसतं "सरी, सरी" म्हणून निघून जायच्या. म्हणजे ठीक आहे, कळलं. स्तुती करणं त्यांना जमायचं नाही. एखादी ओळ खरंच आवडली, तर "असू दे" म्हणायच्या. त्या "असू दे"साठी आम्ही आठवडाआठवडा झुरायचो. रागावल्या की मात्र समोरच्याची पर्वा नसायची. एकदा एका नव्या मुलीला भर मीटिंगमध्ये त्या इतकं बोलल्या, की ती रडत बाहेर गेली. सरोजक्कांनी तिची माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी घरून चिरोटी करून आणली, तिच्या टेबलावर डबा ठेवला आणि काहीच न घडल्यासारख्या निघून गेल्या. ती मुलगी म्हणाली, "माफी मागितली असती तर बरं झालं असतं." मला तिचं म्हणणं पटलं. अजूनही पटतं.

आमच्या एजन्सीकडे एका जुन्या परदेशी आलिशान गाड्यांच्या कंपनीचं काम होतं. अर्धं ऑफिस त्या एका कामावर चालायचं. सरोजक्कांच्या दृष्टीनं ते नुसतं काम नव्हतं. त्यांचे वडील मोटार मेकॅनिक. बेंगळुरूतल्या लालबाग उद्यानाच्या मागच्या बाजूला त्यांचं छोटं गॅरेज होतं. शाळा सुटली की सरोजक्का तिथंच बसून गृहपाठ करायच्या. इंजिनाचा आवाज त्यांना माणसाच्या आवाजासारखा ओळखू यायचा. एकदा बेळ्ळंदूरला रिंगरोडवर आम्ही नेहमीप्रमाणे अडकलो होतो. टॅक्सीच्या शेजारी एक कंपनीची बस उभी होती. सरोजक्कांनी काच खाली केली, दोन मिनिटं ऐकलं आणि त्या बसच्या ड्रायव्हरला कन्नडमध्ये ओरडून सांगितलं, "अण्णा, पट्टा जायला आलाय, पुढं उतारावर जाऊ नका." ड्रायव्हर हसला. तासाभरानं आम्ही मीटिंग संपवून परत निघालो, तेव्हा ती बस पुढच्याच वळणावर बॉनेट उघडून उभी होती. ड्रायव्हरनं आम्हाला ओळखलं आणि लांबूनच हात जोडले. सरोजक्का दिवसभर खुशीत होत्या.

इंजिनावर एवढा जीव असलेल्या बाईसमोर ते काम आलं, म्हणून पुढचं सगळं मला सांगावंसं वाटतं.

झालं असं, की बेळ्ळंदूर, व्हाइटफील्डकडची जी आयटीतली मंडळी पूर्वी पगार वाढला की या कंपनीची गाडी घ्यायची, ती आता विजेवरच्या गाड्या घ्यायला लागली. शोरूममध्ये येऊन लोक तासभर बसायचे, कॉफी प्यायचे आणि समोरच्या विजेच्या गाडीच्या दुकानात जाऊन नाव नोंदवायचे. कंपनीचे मार्केटिंगचे प्रमुख मेहरा दिल्लीहून नवेच आले होते. त्यांनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं, "लोकांच्या मनात विजेच्या गाडीबद्दल भीती आहे. ती भीती आपण जागी करायची. बाकी काही नको." मेहरा हिंदी-इंग्रजीत बोलायचे, मी इथं आपल्या भाषेत सांगते आहे.

फिल्मची गोष्ट मी लिहिली. एक तरुण जोडपं, दोन लहान मुलं, विजेची चकचकीत गाडी. बेंगळुरूहून चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यात सुट्टीला निघालेत. घाट चढता चढता गाडीची बॅटरी संपते. धुकं. मूल रडतं. आई फोन वर धरून सिग्नल शोधते. तेवढ्यात मागून आमच्या कंपनीची गाडी गुरगुरत येते, वळण घेते आणि निघून जाते. पडद्यावर ओळ: 'पोहोचायचं असेल तर.' बस, एवढंच.

मेहरांनी ती गोष्ट ऐकून टाळ्या वाजवल्या. माझी पहिली मोठी फिल्म. मी त्याच दिवशी आईला फोन करून सांगितलं. एजन्सीचे मालक जोसेफ सर मला म्हणाले, "तू आपलं काम वाचवलंस." सरोजक्का त्या दिवशी भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद हातात घेतला, पेन्सिल काढली, आणि वरपासून खालपर्यंत एकच अक्षर लिहीत गेल्या. ऐ, ऐ, ऐ.

"घाटात थांबली होती का गं अशी गाडी? कुणाची?"

"थांबत असतील की, अक्का."

"नाव सांग. कुठल्या घाटात? किती वाजता?"

मी चिडले. म्हणाले, "अक्का, ही जाहिरात आहे. कोर्टातला जबाब नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. "शनिवारी सकाळी सहाला माझ्या घरी ये," त्या म्हणाल्या. "स्वेटर आण."

शनिवारी मी जे. पी. नगरला त्यांच्या घरी पोहोचले, तेव्हा दारात एक विजेची गाडी उभी होती. भाड्यानं आणलेली, माझ्या गोष्टीत होती त्याच प्रकारची. मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवलेली होती आणि दोन्ही पोत्यांना सीटबेल्ट लावला होता. मी विचारलं, "हे काय?"

"तुझी दोन मुलं," सरोजक्का म्हणाल्या. "फिल्ममध्ये गाडी भरून माणसं नेणार आणि आपण दोघी हलक्याफुलक्या जाणार, ते चालणार नाही की. डिकीत बॅगा पण टाकल्यात."

गाडी त्याच चालवत होत्या. एसी पूर्ण सोडलेला, कारण माझ्या गोष्टीत सुरुवातीला मुलं एसीच्या गारव्यात छान झोपलेली होती. हासनपर्यंत मी स्वेटरमध्ये कुडकुडत होते आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होते, की ही गाडी कुठंतरी थांबू दे. खोटं कशाला सांगू, मी खरंच तशी प्रार्थना केली. माझी फिल्म त्या गाडीच्या बॅटरीवर अवलंबून होती. दर थोड्या वेळानं मी पडद्यावरचा आकडा पाहायची. सरोजक्काही पाहायच्या आणि वहीत टिपायच्या. रस्त्यात इडली-वडा खाल्ला. पोत्यांना काही दिलं नाही.

चिकमगळूर मागे टाकून आम्ही डोंगराचा घाट चढलो. वळणामागून वळणं, समोरून येणाऱ्या जीपगाड्या, अरुंद रस्ता. गाडी बिनआवाज चढत राहिली. वरच्या मैदानात पोहोचलो तेव्हा बॅटरी अजून पाव हिस्सा उरली होती. सरोजक्कांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, दमल्या. पण त्या म्हणाल्या, "बरी गाडी आहे गं. आपल्याला अवघड जाणार."

उतरताना आणखीच गंमत झाली. उतारावर बॅटरीचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढला. या गाड्यांना ब्रेक लागताना थोडी वीज परत मिळते, हे मी वाचलं होतं. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अय्यो, उतारावर हिचं पोट भरतंय की!" मेकॅनिकची ती मुलगी एका क्षणात विसरली, की ही आपल्या प्रतिस्पर्ध्याची गाडी आहे.

मात्र परतीचा प्रवास तसा सोपा झाला नाही. ज्या हॉटेलात चार्जर आहे म्हणून आम्ही थांबलो, तिथला चार्जर चार दिवस बंद होता. दुसरा गावाबाहेर, तिथं आमच्या आधी दोन गाड्या. तिथंच पावणेदोन तास गेले. एक बेळ्ळंदूरचं जोडपं रांगेत भेटलं. सरोजक्कांनी त्यांना बोलतं केलं. नवरा म्हणाला, "आम्ही आता जेवणाची जागा चार्जर बघूनच ठरवतो, त्रास नाही." बायको म्हणाली, "त्याला नाही. चार्जर असतो तिथं बाथरूम कसं असतं, ते मला विचारा." सरोजक्कांनी दोघांचंही लिहून घेतलं.

परत येताना माझ्या अंगात पुन्हा जीव आला. मी म्हणाले, "अक्का, चार्जर बंद होता, हे तर आपण बघितलं. हे दाखवू."

"दाखव की. पण चार्जर बंद दाखव, गाडी बंद दाखवू नको." थोडं अंतर गेल्यावर त्या पुढं म्हणाल्या, "आणि मला सांग, चार्जर बंद पडला ह्यात आपल्या गाडीचं कौतुक काय? वडलांच्या गॅरेजसमोर दुसऱ्या एकाचं गॅरेज होतं. त्याचं शटर एकदा अडकलं, तर वडलांनी हत्यारं घेऊन जाऊन उघडून दिलं. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, त्याचं शटर अडकल्यानं माझा पाना चांगला चालत नाही, सरोजा."

मी मान हलवली. पण माझा राग गेला नव्हता. माझ्या मनात येत होतं, की या बाईचं आयुष्य झालंय, हिला काय जातंय तत्त्वं सांभाळायला.

सोमवारी बेळ्ळंदूरला कंपनीच्या ऑफिसात मीटिंग होती. जोसेफ सरांनी वाटेत गाडीतच सरोजक्कांना विनवलं, "अक्का, हे काम गेलं तर माझ्याकडच्या किती मुलांना मला घरी पाठवावं लागेल, तुम्हाला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "माहीत आहे." इतकंच. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काळजी पाहिली.

मीटिंगमध्ये त्यांनी मेहरांसमोर वही उघडली आणि शनिवारचा सगळा प्रवास सांगितला. पोत्यांपासून बाथरूमपर्यंत. शेवटी म्हणाल्या, "ही फिल्म आम्ही करणार नाही. घाटात गाडी थांबत नाही."

मेहरांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूनं आहात की त्यांच्या?"

"मी गाडी घेणाऱ्या माणसाच्या बाजूनं आहे," सरोजक्का म्हणाल्या. "पगार तोच देतो. तुमचा पण, माझा पण."

मेहरा जोसेफ सरांकडे बघत होते, जोसेफ सर टेबलाकडे. मग सरोजक्काच पुढं म्हणाल्या, "तुमच्या गाडीवर माझं प्रेम आहे, साहेब. तुम्ही इथं यायच्या आधीपासून आहे. प्रेमाच्या माणसासाठी खोटं बोलावं लागलं, तर समजायचं, त्याच्याबद्दल खरं सांगण्यासारखं काही उरलं नाही. मला दहा दिवस द्या. खरं काहीतरी शोधून आणते. नाही आणलं, तर मला ह्या कामावरून काढा आणि ही फिल्म करा. ही पोरगी करेल, चांगली लिहिलीय तिनं."

चांगली लिहिलीय, हे त्यांनी तिथं म्हटलं, सगळ्यांसमोर. माझ्याकडे न बघता. माझा राग गेला तो त्या वेळी.

मेहरांनी दहा दिवस दिले. मला वाटतं, दहा दिवसांनी ही बाई आपोआप बाजूला होईल, या हिशोबानं दिले असावेत.

सरोजक्का दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बसायला लागल्या. मीही बरोबर. एक प्लास्टिकचं स्टूल, हातात वही. पहिले तीन दिवस काहीच मिळालं नाही. नव्या गाड्या येत, धुतल्या जात, निघून जात. मला रोज एक दिवस कमी होताना दिसत होता. त्यांना विचारलं, "अक्का, भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटते की. रात्री झोप नाही. पण बसल्याशिवाय काय कळणार?"

चौथ्या दिवशी एक जुनी, काळसर निळी गाडी आत आली. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. लहान मुलांच्या डॉक्टर, आता निवृत्त. ती गाडी बावीस वर्षं त्यांच्याकडे होती. सर्व्हिस सेंटरमधले सगळ्यांत जुने मेकॅनिक नागराज पुढं आले, बॉनेट उघडायच्या आधी गाडीच्या छतावर त्यांनी हात ठेवला, जसा आपण घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवतो. ती गाडी नवी आली तेव्हा तिची पहिली सर्व्हिसिंग त्यांनीच केली होती. सरोजक्का उठून गेल्या. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की याच गाडीतून त्या आजारी पोरांना बघायला वेळीअवेळी गेल्या, शेजारणींना दवाखान्यात नेताना दोन बाळं तर या गाडीतच जन्माला यायची राहिली. सरोजक्का ऐकत होत्या, पण बघत होत्या स्टीअरिंगकडे. त्याच्या चामड्यावर दोन ठिकाणी, जिथं हात पडतात तिथं, रंग पूर्ण उडून गेला होता आणि चामडं गुळगुळीत झालं होतं.

त्यांनी नागराजना विचारलं, "विजेच्या गाड्या आल्यात. तुम्हाला काय वाटतं?"

नागराजनी हात पुसले. "होसदु एल्लरदू चन्नागे इरुत्ते, मेडम," ते म्हणाले. "हळेदु तोरिसी."

सरोजक्कांनी ते शब्द पुटपुटून पाहिले. मग त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "नवी सगळ्यांचीच चांगली असते. जुनी दाखवा." हातातली वही त्यांनी माझ्यापुढं धरली. "रेवती, लिही. आत्ता लिही. शब्द बदलू नको."

जाहिरात एवढीच होती. त्या स्टीअरिंगचा जवळून घेतलेला फोटो, झिजलेल्या दोन जागांसकट. आमच्या आर्ट डायरेक्टरनं झीज थोडी कमी करून दाखवली होती. सरोजक्कांनी ती परत जशीच्या तशी आणायला लावली. आणि खाली ओळ: 'नवी गाडी सगळ्यांचीच चांगली असते. आमची जुनी पाहा.'

दहाव्या दिवशी ती मेहरांसमोर ठेवली. त्यांनी कागद जवळ ओढला. म्हणाले, "आमचा ग्राहक नवी गाडी घेतो. त्याला म्हातारी गाडी का दाखवायची?"

"नवी घेताना माणूस जुनीचाच विचार करतो," सरोजक्का म्हणाल्या. "पंधरा वर्षांनी हिचं काय होईल, हे तो विचारतो, त्याची बायको विचारते, सासरा तर पहिलं तेच विचारतो."

मेहरा उठून खिडकीशी गेले. खाली रिंगरोडवर गाड्या खोळंबल्या होत्या. तिथूनच, आमच्याकडे पाठ ठेवून ते म्हणाले, "यात विजेच्या गाडीवाल्यांचं नाव पण नाही. आणि त्यांना याला उत्तर पण देता येणार नाही."

"येईल की," सरोजक्का म्हणाल्या. "वीस वर्षांनी."

मेहरा मोठ्यानं हसले. जोसेफ सर त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्यायले.

फलक लागले. इंग्रजीत, कन्नडमध्ये. कन्नड फलकावर नागराजचे शब्द तसेच होते, फक्त 'मेडम' काढलेलं. लोक आपापल्या जुन्या गाड्यांचे फोटो शोरूमकडे पाठवायला लागले. कुणाच्या सीटची शिवण, कुणाच्या दाराची झिजलेली मूठ. सरोजक्का आग्रहानं नागराजना घेऊन रिंगरोडवर गेल्या आणि त्यांचा फलकाखाली फोटो काढला. "ह्यांनी लिहिलंय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. नागराज लाजून चूर.

आणि त्यांना उत्तर देता येणार नाही, हे मेहरांचं म्हणणं चुकीचं ठरलं. दीड महिन्यानं इंदिरानगरमध्ये आमच्या फलकाच्या बरोबर समोर एका विजेच्या गाडीवाल्यांनी पांढरा फलक लावला. त्यावर एकच ओळ: 'थांबा. आम्हीही म्हातारे होऊ.' मेहरांचा फोन आला, ते संतापले होते. सरोजक्का खुर्चीत मागं रेलून इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी फोनाफोनी करून ती ओळ कुणी लिहिली ते शोधून काढलं. कोरमंगळ्यातल्या एका एजन्सीतली मुलगी होती. तिला मैसूरपाकाचा डबा पाठवला आणि वर चिठ्ठी: 'खरं लिहिलीस. होशील म्हातारी.' मी म्हणाले, "अक्का, ती आपली स्पर्धक आहे." त्या म्हणाल्या, "असू दे की. आता दोन्ही बाजूंनी खरं बोलायला लागलेत. रस्त्यानं जाणाऱ्याचं भलं झालं." त्यांना स्वतःच्या ओळीपेक्षा त्या दिवशी समोरच्या ओळीचा अभिमान जास्त वाटला असावा.

पुढच्या वर्षी सरोजक्का निवृत्त झाल्या. डोळे थकले होते. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. ऑफिसात सगळ्यांना बिसीबेळेभात वाढला, स्वतःच्या हातानं, आणि दुपारी मेट्रोनं घरी गेल्या.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी मेहरांनी आम्हाला बोलावलं. कंपनी स्वतःची विजेची गाडी आणणार होती. मी आता सरोजक्कांच्या जागी होते आणि माझी पंचाईत झाली होती, कारण आमचा 'जुनी पाहा' हा फलक अजून लोकांच्या लक्षात होता. आता विजेची जुनी गाडी कुठून दाखवायची? मेहरांच्या हाताखालच्या एका हुशार गृहस्थांनी उपाय सुचवला: "आपण म्हणू, बाकीच्यांच्या विजेच्या गाड्या पेट घेतात, आपली सुरक्षित आहे."

मी विचारलं, "बाकीच्यांच्या गाड्या पेट घेताना तुम्ही पाहिल्यात?"

मेहरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग आपल्या माणसाला म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मी ती घाटातली फिल्म करायला निघालो होतो. केली असती, तर आज ही गाडी विकायला मला तोंड नसतं. त्या बाईंनी माझी अब्रू वाचवली, आणि मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात." मग मला म्हणाले, "पण मॅडम, मग काय लिहायचं?"

मला तेव्हा कुणाची आठवण काढायला वेळ नव्हता. माझ्या तोंडून आलं ते मीच ऐकत होते. "खरं ते लिहू. 'ही गाडी आमच्यासाठीही नवी आहे.' आणि खाली सांगू, जुन्यातलं काय काय हिच्यात आणलंय, आणि काय अजून शिकतोय."

"शिकतोय? आलिशान गाडीच्या जाहिरातीत?"

"हो."

त्यांनी डोकं धरलं. दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी होकार आला.

संध्याकाळी मी सरोजक्कांना फोन केला. सगळं सांगितलं. मला सारखं वाटत होतं, की त्या मध्येच थांबवतील, काहीतरी चूक काढतील. त्या पलीकडे नुसत्या ऐकत होत्या. मागं कुकरची शिट्टी झाली, तरी उठल्या नाहीत.

"अक्का, बरोबर केलं ना मी?" मी विचारलं.

"मला विचारून केलीस का?"

"नाही."

"मग आता कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं, जे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. "सरी. आजपासून कामाचं विचारायला मला फोन करायचा नाही. रविवारी जेवायला ये."

मी गेले. त्यांनी मला एकदाही जाहिरातीबद्दल विचारलं नाही. शेजारच्या बाई आल्या, तेव्हा माझी ओळख करून देताना मात्र म्हणाल्या, "ही रेवती. लिहिते." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याबद्दल एवढं छोटं आणि पूर्ण वाक्य उच्चारलं होतं. मी मान खाली घालून जेवत राहिले.